पेडणेकरांची व्हॅन आणि गायमुखचा चढ

पेडणेकरांना पाठ टेकून बसलेलं मी दोनदाच पाहिलं. एरवी हा माणूस खुर्चीच्या हातावर टेकायचा, जिन्याच्या कठड्याला टेकायचा, आमच्याकडं आला तर चपलांच्या स्टँडला टेकायचा. पण बसायचा म्हणून नाही. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं. घरात पायांत बूट, तेही नाडीचे, करकचून बांधलेले. मालतीकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, देवघराच्या अलीकडं खडूनं एक रेघ ओढून ठेवली होती. बूट तिथपर्यंतच. "बसलं की गंजलं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं ठरलेलं वाक्य म्हणजे "काय सेक्रेटरी, निघायचं?" कुठं निघायचं हे विचारण्यात अर्थ नसे, कारण बहुतेक वेळा ते त्यांनाही ठाऊक नसे.

सेक्रेटरी म्हणजे मी. शांतीनगरातल्या आमच्या चार मजली सोसायटीचा. मला हौस नव्हती. त्या वर्षी मीटिंगला मी उशिरा पोचलो, आणि जो हजर नाही त्याला निवडून द्यायची आपल्याकडं रीतच आहे. पाण्याचा टँकर, गळकी टाकी, जिन्यातल्या चपला आणि शेजारच्या फ्लॅटमधले पेडणेकर असं सगळं एकदम माझ्या गळ्यात पडलं. मी तापट माणूस; ऑफिसातही माझ्या टेबलाशी लोक जरा जपूनच येत. पण पेडणेकरांवर रागावणंसुद्धा जमायचं नाही. मी पहिलं वाक्य पुरं करेपर्यंत ते दोन जिने उतरून खाली पोचलेले असत.

त्यांची सगळी नोकरी वजनकाट्यांच्या एका कंपनीत गेली. अख्खा ट्रक वर उभा करून तोलायचे ते मोठे काटे असतात ना, त्यांची दुरुस्ती. मार्केट यार्ड, साखर कारखाने, जिनिंग मिल. मनमाड, परभणी, उदगीर, बार्शी. महिन्यातले वीस दिवस बाहेर. काकू गिरगावातल्या चाळीतल्या एका खोलीत सासू-सासऱ्यांचं करत राहिल्या आणि दर खेपेला यांचा बिछाना बांधून देत राहिल्या. पुढं मुलगी लग्न होऊन बंगलोरला गेली, चाळ बिल्डरनं घेतली आणि ही दोघं मीरा रोडला आली. पेडणेकर रिटायर झाले ते इथंच. रिटायर झाल्यावर पहिला महिनाभर ते रोज सकाळी बूट घालून स्टेशनपर्यंत चालत जायचे, इंडिकेटर वाचायचे आणि परत यायचे.

काकूंना काचबिंदू होता. समोरचं नीट दिसायचं, बाजूचं मिटत चाललं होतं. मी एकदा विचारलं, तर वाटाणे सोलता सोलता म्हणाल्या, "दोन्ही बाजूंनी कुणीतरी दार लोटत आणतंय असं वाटतं रे विनू. मधे फट आहे तोवर बरं चाललंय." डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेलं परत यायचं नाही, आणि जे आहे ते औषधानं किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही. पेडणेकर तिथंच खिडकीशी उभे होते. किल्ल्यांचा जुडगा वर उडवत होते, झेलत होते. एवढं ऐकून ते बाहेर निघून गेले.

त्या दिवसांतच कधीतरी त्यांनी काकूंना विचारलं होतं की तुला काय बघायचंय, सांग, काशी म्हण, काश्मीर म्हण. काकू म्हणाल्या, "एवढी वर्षं तुम्ही कुठं जात होतात, ते मला बघायचंय."

पंधरा दिवसांत व्हॅन आली. एका शाळेच्या मुलांची ने-आण करून थकलेली डिझेलवर चालणारी पिवळी जुनी व्हॅन, इंजिन ड्रायव्हरच्या शेजारी, दोन सीटच्या मधे, पत्र्याच्या पेटीखाली. मागच्या दारावर "सावकाश, शाळेची मुले" ही अक्षरं पुसट दिसत होती. काकूंना बसच्या गर्दीत बाजूचा धक्का कळायचा नाही, लॉजचे जिने जमायचे नाहीत, म्हणून पेडणेकरांनी घरच चाकांवर घ्यायचं ठरवलं होतं. गोडदेव गावातला एक सुतार त्यांनी धरून आणला. तो माप घेऊन म्हणाला, "बाकडा व्हईल दादा, पन तुमचं पाय न्हाय मावनार." पेडणेकर म्हणाले, "माझे पाय कोण विचारतंय? हिचे मावले पाहिजेत." काकूंच्या मापाचं बाकडं झालं, त्याखाली डबे ठेवायला कप्पा झाला, स्टोव्हला जागा झाली, खिडक्यांना काकूंच्या जुन्या साडीचे पडदे लागले.

आणि पुढं, अगदी गाडीच्या तोंडावर, गणेशपट्टी लागली.

ती गिरगावच्या खोलीच्या दारावरची. सागवानी, दाराएवढी रुंद, हातभर उंच, मधे गणपती, दोन्हीकडं वेल. चाळ सोडताना पेडणेकरांनी स्वतः स्क्रू काढून ती उतरवली होती. टूरवर निघताना ते टाच वर करून तिला हात लावत आणि निघत. इथल्या फ्लॅटच्या दारावर बिल्डरनं मीटरची पेटी बसवलेली, त्यामुळं पट्टी इतकी वर्षं पलंगाखाली पडून होती. व्हॅनच्या पुढच्या जाळीवर मात्र ती अशी बसली की सुतारालाही रंधा लावावा लागला नाही. "बघितलंत सेक्रेटरी? मापात! त्याचीच इच्छा," पेडणेकर म्हणाले. पट्टीला झेंडूचा हार घातला. मीही हात जोडले. पुढं त्या गाडीला ज्याचा म्हणून हात लागला, तो आधी पट्टीला लागला आणि मग इंजिनाला.

काकूंची एक अट होती. "आधी गायमुखचा चढ चढवून दाखवा, मग मी बसते." त्यांचं बरोबर होतं. मनमाडला जायचं तर आधी घोडबंदर रोडनं ठाणं आणि पुढं कसारा घाट. घरापासून हाकेवरचा गायमुखचा चढ ज्या गाडीला जमत नाही, ती कसारा काय चढणार?

आणि नेमका तोच चढ जमत नव्हता. सपाटीवर गाडी गुणी मुलासारखी जायची. काशीमिऱ्यापर्यंत ठीक, खाडीच्या कडेनं ठीक. चढ लागला, दुसरा गिअर टाकला की अर्ध्या वाटेत पाणी उकळायचं, पायाशी वाफ यायची. तापमानाचा काटा तर आला तेव्हापासून एकाच जागी मेलेला. "जन्मभर लोकांचे काटे खरे केले आणि माझ्याच गाडीचा काटा खोटा निघाला," असं म्हणून पेडणेकर त्यावर टिचकी मारत. तो भाग बाजारात मिळत नव्हता.

पहिल्या चाचणीला त्यांनी मला नेलं. म्हणजे मी रविवारची दाढी करत होतो आणि "काय सेक्रेटरी, निघायचं? पाच मिनिटं," असं ऐकल्याचं आठवतं, पुढं मी चढावर एका हातात बादली घेऊन उभा होतो आणि माझ्या गालावर साबण वाळला होता. रस्ता रुंद करायचं काम चालू होतं, ट्रकांची रांग आमच्या मागं हॉर्न मारत होती. पेडणेकर ओलं पोतं घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला धावले. मी ओरडलो, "अहो, थांबा! गार होऊ दे!" थांबणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. उकळत्या पाण्याचा फवारा वर गेला, ते बाजूला झाले आणि माझा शर्ट चहाच्या रंगाचा झाला. मी त्यांना नको नको ते बोललो. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाणी किती लालभडक आहे बघा. आतून गंज आहे. सापडलं!" आणि काकडी विकणाऱ्या बाईकडून तिच्या पिण्याच्या पाण्याची कळशी मागून आणली.

दर खेपेला काहीतरी सापडायचं. आधी झाकण खराब निघालं. मग पट्टा सैल निघाला. मग रेडिएटर उतरवून नळ्यांत सळ्या घालून साफ केला. मग पाण्याचा पंप. मग कुणी म्हणालं, आतला थर्मोस्टॅट काढून फेका, आपल्याकडं कुठं बर्फ पडतो, तो काढला. मग उस्मानभाई म्हणाले, काढला म्हणूनच पाणी आडवाटेनं पळतं. तो पुन्हा बसवला. दर वेळी पेडणेकर दोन दोन पायऱ्या गाळत जिना चढून यायचे, "मालती, झालं काम! बांध बिछाना!" काकू बिछाना बांधायच्या. दोन दिवसांनी तो सोडायच्या. त्याबद्दल त्या कधी काही बोलल्या नाहीत. फक्त एकदा मला म्हणाल्या, "विनू, परवा तुझ्या बायकोनं ती हिरवी साडी नेसली होती ना, मला आधी आवाज आला तिचा, साडी मग दिसली."

हे उस्मानभाई म्हणजे काशीमिऱ्याला हायवेच्या कडेला गॅरेज असलेले मिस्त्री. पांढरी दाढी, शांत आवाज, भायखळ्याहून इकडं राहायला आलेले. तिथून का आणि कधी निघाले याबद्दल ते बोलत नसत, आणि दंगलींनंतर मीरा रोडला तसं न बोलणारी बरीच घरं होती. पेडणेकरांना ते चाचा म्हणत, वयानं दोघं सारखेच असले तरी. पेडणेकर त्यांच्या गॅरेजात इतक्या वेळा जात की तिथल्या कुत्र्यानं भुंकणं सोडलं होतं. उस्मानभाई वाकून बघत, कानानं ऐकत आणि म्हणत, "चाचा, हवा कम मिलती है इसको." पेडणेकर घरी येऊन रेडिएटरची जाळी टूथब्रशनं घासत. एकदा उस्मानभाई म्हणाले, "चाचा, ये लकडी इतनी पुरानी, इतनी अच्छी. बारिश में भीगेगी. अंदर रख लो." पेडणेकरांना ती काळजी इतकी आवडली की दुसऱ्याच दिवशी त्यांनी पट्टीला व्हार्निशचे दोन हात मारले आणि दाखवायला घेऊन गेले. उस्मानभाई बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "माशाल्ला, चमक रही है."

इकडं सोसायटीत माझा जीव जात होता. पालिकेचं पाणी एक दिवसाआड तासभर, उरलेलं टँकरचं आणि बोअरिंगचं. बोअरिंगचं पाणी इतकं खारं की त्यात डाळ शिजत नाही. ते पाणी गाडीत घातलं तर नळ्यांत खार बसतो, म्हणून पेडणेकर पिण्याचं पाणी घालायचे. ते तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खजिनदार शहाबेननी पाहिलं. मीटिंग बोलवावी लागली. "इकडे मानसाला प्यायला पानी नाय आणि यांची गाडी बादली-बादली पिते!" शहाबेन कडाडल्या. पेडणेकर भिंतीला टेकून उभे होते. म्हणाले, "मालतीच्या वाटणीचं घालत नाही, शहाबेन. माझ्या वाटणीचं घालतो. म्हणून तर दाढी एक दिवसाआड." खरंच त्यांच्या गालावर पांढरे खुंट होते. मग त्यांनी अख्खी मीटिंग खाली नेली. शहाबेननी काकूंच्या बाकड्यावर आडवं होऊन बघितलं, पडदा सरकवून बघितला, आणि उठता उठता म्हणाल्या, "पालिताणाच्या जात्रेला जाते का ही?" विषय तिथंच संपला. वर, दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घरची अर्धी बादली न बोलता पेडणेकरांच्या दाराशी येऊ लागली.

मग गणपती आले. पेडणेकरांकडं पाच दिवसांचा. चाळीतला रिवाज असा की त्या पाच दिवसांत दाराची पट्टी पुसून, तेल लावून मखराच्या वर टांगायची. त्याप्रमाणं ती व्हॅनवरून उतरवून घरात गेली. तिसऱ्या दिवशी पेडणेकरांना ठाण्याला त्यांच्या मित्राच्या गणपतीला जायचं होतं. मी सोबत होतो. नको म्हणायची माझी शक्ती तोवर संपली होती. चढ लागला. दुसरा गिअर. मी सवयीनं पाय वर उचलून बसलो. गाडी चढत राहिली. ते वळण गेलं जिथं आम्ही नेहमी थांबायचो, काकडीवाली बाई आम्हाला बघून उठलीसुद्धा, कळशी घेऊन. गाडी तिच्या समोरून गेली. माथ्यावर पोचल्यावर पेडणेकरांनी हॉर्नवर हात ठेवला तो काढेनात. परतीच्या वेळीही तसंच. पाण्याला साधी उकळी नाही.

"पाच दिवसांचा पाहुणा, पण काम करून गेला," पेडणेकर आरतीला सगळ्यांना सांगत होते. डोळ्यांत पाणी होतं. काकूंनी मूर्तीपुढं नारळ ठेवला. विसर्जन झालं, आणि आता आमची चूक बघा. गाडी देवाच्या कृपेनं चढली, म्हणून कृतज्ञता म्हणून ती पट्टी पुन्हा गाडीच्या तोंडावर चढवली, या वेळी चार जास्तीचे स्क्रू मारून, आणि तिला दुप्पट जाड हार घातला. हार मी आणला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघं निघाली. सगळी बिल्डिंग खाली आली. काकू नवी साडी नेसून पुढच्या सीटवर बसल्या. शहाबेननी खाकऱ्याचा डबा दिला. काकूंनी माझ्याकडं बघायला अख्खी मान वळवली आणि हसल्या. त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

दुपारी व्हॅन दोरी बांधून टेम्पोमागं परत आली. त्याच चढावर, त्याच वळणावर. पेडणेकरांच्या हाताला भाजलं होतं. काकूंचा हात धरून त्यांनी एक एक जिना चढवला, आणि मागून मी बिछाना घेऊन चढलो. काकू दारात थांबल्या. "असू दे हो," एवढंच म्हणाल्या. मग आत जाऊन त्यांनी डोळ्यांत औषध घातलं आणि पडून राहिल्या. पेडणेकर गच्चीत गेले. वरून त्यांच्या बुटांचा आवाज येत होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

माझं डोकं फिरलं. मी रिक्षा करून थेट काशीमिऱ्याला गेलो. उस्मानभाई एका टेम्पोखाली होते. मी त्यांना बाहेर बोलावलं आणि माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत जेवढं भांडता येईल तेवढं भांडलो. म्हातारा माणूस आहे, त्याची बायको आंधळी होत चाललीय, तुम्ही वर्षभर नुसते भाग बदलताय, गाडीला झालंय काय ते तुम्हाला कळतं तरी का? त्यांनी हात पुसले. म्हणाले, "साब, गाडी में कुछ नहीं है. दूसरे महीने के बाद से कुछ नहीं है."

"फिर गरम क्यों होती है?"

ते इकडं तिकडं बघून जवळ आले, आवाज आणखी खाली नेला. "नाक पे हाथ रख के घाट चढोगे, तो आपकी भी साँस फूलेगी ना साब?"

मला कळायला वेळ लागला. मग गणपतीचे पाच दिवस आठवले, मोकळी जाळी आठवली, आणि काल मी स्वतः आणलेला जाड हार आठवला. चढावर गाडी हळू चालते, वारा आधीच कमी, आणि जो येणार तो सागवानी लाकडाला थडकून परत. मी जवळजवळ ओरडलोच, "तो बोला क्यों नहीं?"

"मैं?" त्यांनी तेलकट हात स्वतःच्या छातीवर ठेवला. "मैं बोलूँ चाचा को, अपने भगवान को गाडी से उतारो? लकडी भीगेगी बोला, तो वो वार्निश मारके आए. हवा बोला, तो ब्रश मारके आए. इससे आगे मैं क्या बोलूँ साब? आप तो बोल सकते थे. आप लोग तो रोज हाथ जोडते हो उधर."

भांडायला गेलेला मी तिथल्या स्टुलावर बसून राहिलो. त्यांनी चहा मागवला. तो माणूस वर्षभर आपल्या हातांनी नीट केलेली गाडी परत परत बिघडलेली बघत होता, आणि त्या बिघाडाचं नावही तोंडातून काढू शकत नव्हता. मला त्यांचं फार वाईट वाटलं, आणि आपल्या सगळ्यांचंच वाटलं.

संध्याकाळी पेडणेकरांना मी सांगितलं. उस्मानभाईंचं नाव घेऊनच सांगितलं, त्यांच्याच शब्दांत. पेडणेकर किल्ल्या उडवत ऐकत होते, ऐकता ऐकता मागं सरकले, त्यांना मागं खुर्ची लागली, आणि ते बसले. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर, हात मांडीवर. ही ती पहिली वेळ. किल्ल्यांचा आवाज थांबला तशा काकू आतून बाहेर आल्या; आवाज थांबला म्हणूनच आल्या असाव्यात.

"मी काढणार नाही," पेडणेकर म्हणाले. इतका लहान आवाज मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. "तिला हात लावून गेलो म्हणून प्रत्येक खेपेला धड परत आलो. रात्री-अपरात्रीच्या एसट्या, ती वीस टनी यंत्रं. आता तर तू बरोबर असणार. तिला मागं ठेवून मी तुला घाटात नेऊ?"

काकू त्यांच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या. समोर असलेलंच त्यांना दिसायचं. "अहो, ती कधी तुमच्याबरोबर यायची?" त्या म्हणाल्या. "तुम्ही हात लावून जायचात, ती तर दारावरच राहायची. माझ्याजवळ. तुम्ही गेलात की खाली मी आणि वर तो. एवढ्या वर्षांत मनमाडला कुठं दिसला होता तुम्हाला तो?"

पेडणेकरांनी दाराकडं बघितलं.

"त्याचं काम घर सांभाळायचं," काकू म्हणाल्या. "मी घरात होते म्हणून माझ्या सोबतीला होता. आता मी निघतेय, तर तो एकटा सांभाळेल. राहील. मी नाही का राहिले?"

हे शेवटचं त्या रागानं म्हणाल्या नाहीत. पण पेडणेकरांनी मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी उतरवली. उस्मानभाईंना पेडणेकरांनी मुद्दाम बोलावलं होतं. स्क्रू त्यांच्याच हातून काढायचे म्हणाले. ते आधी तयार होईनात. मग त्यांनी खालच्या बोअरिंगच्या नळाचं नव्हे, आमच्या घरचं पाणी मागून हात धुतले आणि एक एक स्क्रू सोडवला. पट्टी वर नेली. दारावर मीटरची पेटी होतीच, तेव्हा ती त्यांच्या आणि माझ्या दाराच्या मधल्या भिंतीवर, दोन्ही चौकटींवर निम्मी निम्मी येईल अशी लावली. सामायिक जागेत कुणीही काही लावू नये अशी नोटीस मीच काढलेली होती. ती मी फाडून टाकली.

आठवड्याभरात ती दोघं गेली. मनमाड, परभणी, उदगीर, बार्शी. पेडणेकरांचा फोन यायचा, इनकमिंग तेव्हा नुकतं फुकट झालं होतं. "सेक्रेटरी, हिला तो काटा दाखवला. ऐंशी साली मी बसवलेला. हिनं त्याच्यावर उभं राहून वजन केलं. काटा हललासुद्धा नाही, ट्रकचा आहे ना तो!" आणि मागून काकूंचं हसणं ऐकू यायचं. परत आल्या तेव्हा मी विचारलं, कसं होतं सगळं. म्हणाल्या, "अरे, काही नाही रे तिथं. गोडाऊनं, धूळ आणि चहाच्या टपऱ्या. मला उगाच वाटायचं, हे मजा करून येतात." आणि हे सांगताना त्या फार आनंदात होत्या.

त्यानंतर ती दोघं दोन-तीन वर्षं फिरत राहिली. काकूंच्या डोळ्यांपुढची फट अरुंद होत गेली आणि एका पावसाळ्यात मिटली. मला वाटलं, आता व्हॅन विकतील. पण पुढच्याच महिन्यात दारावर टकटक झाली. "काय सेक्रेटरी, निघायचं? ठाण्यापर्यंत सोडतो." मला ठाण्याला बहिणीकडं जायचंच होतं. मी मागच्या बाकड्यावर बसलो.

पेडणेकर सारखे बोलत होते. "डावीकडं खाडी. भरती आहे. रेतीच्या दोन होड्या. उजवीकडं जंगल, हिरवंगार. एक माकड, नाही, दोन." काकू समोर चेहरा करून ऐकत होत्या आणि त्यांचा उजवा हात दोघांच्या मधल्या इंजिनाच्या पेटीवर पालथा ठेवलेला होता. मला आधी वाटलं, आधारासाठी असेल. चढ लागला. दुसरा गिअर. वळणाच्या अलीकडं काकू म्हणाल्या, "अहो, थांबवा जरा. कढत व्हायला लागलंय."

काटा अजून मेलेलाच होता. वाफ नाही, वास नाही. माझ्या मते काहीही झालेलं नव्हतं. मी तोंड उघडणार तोच पेडणेकरांनी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

मी ठाण्याच्या बसला हात केला, कारण बहीण जेवायची थांबली होती. "या सेक्रेटरी," पेडणेकर म्हणाले. उतरले नाहीत. झाकणाकडं धावले नाहीत, पोतं शोधलं नाही, किल्ल्याही गाडीलाच लटकत होत्या. बस सुटल्यावर मी मागच्या काचेतून बघितलं. व्हॅन झाडाखाली उभी होती, दोन्ही दारं वाऱ्याला उघडी. पेडणेकर सीटला पाठ टेकून बसले होते. बूट काढून खाली ठेवले होते. पेटीवरच्या काकूंच्या हातावर त्यांनी आपला हात ठेवला होता, आणि ती दोघं इंजिन गार व्हायची वाट बघत होती.